भावोजींचे नागरिकशास्त्र

अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्या माणसाला शेवटच्या टप्प्यावर एका अधिकाऱ्यासमोर बसून त्या देशाची राज्यघटना, शासनव्यवस्था आणि इतिहास यांवरील प्रश्नांची तोंडी उत्तरे द्यावी लागतात. प्रश्न आधीच जाहीर केलेले असतात आणि त्यांची अपेक्षित उत्तरेही जाहीर असतात, त्यामुळे अपेक्षित प्रश्नसंचांवर दहावी-बारावी पार केलेल्या आपल्या मंडळींना ही परीक्षा म्हणजे डाव्या हाताचा मळ वाटते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांचाही प्रारंभी हाच समज होता. ठाण्यात नौपाड्याला आयुष्य काढून निवृत्तीनंतर ते आणि ताई न्यू जर्सीला मुलाकडे गेले. भावोजी बँकेत अधिकारी होते आणि आजही रोजचे वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचतात. तरीही ‘कायदे कोण करते?’ असे विचारले की ते क्षणाचाही विलंब न लावता ‘सरकार’ असे सांगत, आणि ‘कार्यकारी विभागाचा प्रमुख कोण?’ या प्रश्नावर त्यांच्या तोंडी आधी पंतप्रधान येत असे, मग राष्ट्राध्यक्ष.

मी ठाण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले असल्यामुळे या दोघांची तयारी करून घेण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ, त्यामुळे दूरदृश्य संभाषणावर शिकवणीची वेळ ठरवायला अडचण आली नाही. या शिकवणीतून माझे एक मत पक्के झाले आहे. साठी उलटलेल्या मराठी माणसाला ही परीक्षा जड जाते ती अज्ञानामुळे नव्हे. एक राज्यघटना त्याच्या अंगी इतकी मुरलेली असते की दुसरी आत शिरताना तिला जागाच सापडत नाही. म्हणून नुसत्या घोकंपट्टीपेक्षा दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी मांडून शिकवणे हाच मला खरा मार्ग वाटतो.

आधी परीक्षेच्या स्वरूपाविषयी. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केले त्यांच्यासाठी नवी पद्धत लागू झाली असून तिच्यात १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यांपैकी जास्तीत जास्त २० विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. बारा बरोबर आले की अधिकारी थांबतो, नऊ चुकले तरी थांबतो. त्याआधीच्या पद्धतीत यादी १०० प्रश्नांची होती, दहा विचारले जात आणि सहा बरोबर आले की पुरत. याखेरीज इंग्रजीतील एक वाक्य वाचून दाखवणे आणि एक लिहिणे अशी भाषेची चाचणी असते. मात्र अर्ज करताना वय ५५ वर्षे पूर्ण असून ग्रीनकार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळून पंधरा वर्षे झाली असतील, किंवा वय ५० आणि ग्रीनकार्डची वीस वर्षे असतील, तर इंग्रजीतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्याच्या मदतीने आपल्या भाषेत सोडवता येतात. पासष्टी ओलांडलेल्या आणि वीस वर्षे कायम वास्तव्य असलेल्यांना आणखी सवलत आहे; त्यांच्यासाठी केवळ वीस प्रश्नांची वेगळी यादी असते. पहिल्या मुलाखतीत जमले नाही, तर साठ ते नव्वद दिवसांच्या आत जो भाग राहिला असेल तेवढ्यापुरती दुसरी संधी मिळते.

ताई आणि भावोजी दोघेही पंचावन्न-पंधराच्या नियमात बसतात. ताईने सवलत घेतली. ‘अगं, भाजीवाल्याशी इंग्रजी बोलणे वेगळे आणि सरकारी अधिकाऱ्यासमोर बोलणे वेगळे,’ हा तिचा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. भावोजींनी मात्र बाणेदारपणे इंग्रजीतच परीक्षा द्यायचे ठरवले आहे, आणि त्यांच्या त्या बाण्यावर बोलण्याचा अधिकार मेहुणीला नसतो.

दर हिवाळा ठाण्यात घालवणाऱ्या ज्येष्ठांसाठी एक सूचना येथेच करून ठेवते. अर्जाआधीच्या पाच वर्षांपैकी किमान निम्मा काळ अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेले असणे आवश्यक असते, आणि एका खेपेत सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास सलग वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाऊ शकते. गणपतीला येऊन गुढीपाडवा करूनच परतणाऱ्यांनी दिनदर्शिका हाती घेऊन हिशेब करावा.

आता मूळ विषय. आपण संसदीय व्यवस्थेत वाढलो, म्हणजे सरकार संसदेच्या पोटातून जन्मते आणि तिचा विश्वास असेपर्यंतच जगते हे आपण गृहीत धरून चालतो. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले, तो दिवस भावोजींच्या पिढीला लख्ख आठवतो. त्या आठवणीचाच मी उपयोग केला आणि त्यांना सांगितले की, ‘भावोजी, तसे काही अमेरिकेत घडूच शकत नाही, असे तुम्ही आधी मनाशी पक्के करा.’ तेथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या तेथील संसदेत, त्याच्या पक्षाचे बहुमत नसले तरी तो पदावर राहतो. त्याला काढायचे तर प्रतिनिधिगृहाने महाभियोग मांडावा लागतो आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवावे लागते. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असू शकत नाहीत. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत कोणत्या तरी सभागृहात निवडून यावे लागते, आणि तिकडे एखाद्या सिनेटरला मंत्री व्हायचे असेल तर सिनेटचा राजीनामा द्यावा लागतो. हा फरक एकदा ध्यानी आला की यादीतील सत्ताविभाजन, परस्पर अंकुश, कायदे करणारा विभाग, ते अमलात आणणारा विभाग आणि त्यांचा अर्थ लावणारा विभाग, असे पुष्कळसे प्रश्न वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

यावर ताईने जो प्रश्न विचारला, तो माझ्या वर्गातही फार थोड्यांनी विचारला असता. काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांचे पटलेच नाही तर खर्चाला मंजुरी कोण देते? उत्तर असे की कोणीच देत नाही, आणि सरकारी कचेऱ्यांचे बरेचसे काम ठप्प होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून ते तब्बल ४३ दिवस ठप्प होते. तोवरच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा खंड होता. आपल्याकडे लोकसभेने अर्थसंकल्प नाकारला तर सरकार जाते, पण कचेरी चालू राहते. यांतले अधिक बरे कोणते, यावर भावोजी आणि मी बराच वाद घातला आणि त्या दिवशीचा पाठ अर्धवटच राहिला.

सिनेटच्या बाबतीत ठाणेकराला थोडा आधार सापडतो. सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागांची निवड, उपराष्ट्राध्यक्षांकडे अध्यक्षपद आणि समसमान मते पडली तरच त्यांचे निर्णायक मत, ही सारी लक्षणे राज्यसभेशी जुळतात. पण तेवढ्यावरून सिनेटला राज्यसभा समजणारा फसतो. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशाचे ३१, महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक सदस्य असतो. सिनेटमध्ये कॅलिफोर्नियासारख्या अवाढव्य राज्याचे दोन आणि दहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगचेही दोनच, असे पन्नास राज्यांचे मिळून १०० सदस्य असतात. लोकसंख्येचा मान ४३५ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात राखला जातो. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींमध्ये मोठी आणि लहान राज्ये यांच्यात जो तंटा झाला, त्याची ही तडजोड आहे. सिनेटर पूर्वी राज्यांची विधिमंडळे निवडत, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखेच; १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने ती निवड थेट मतदारांकडे आली. प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानीच्या जिल्ह्याचे ३ मिळून ५३८ ही राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळाची संख्या होते, त्यांपैकी २७० मते मिळवणारा जिंकतो. देशभरात अधिक मते मिळूनही २००० आणि २०१६ मध्ये उमेदवार हरले ते याच गणितामुळे. हे सगळे आकडे सुटे पाठ केले तर गोंधळ उडतो, आणि बेरीज करून पाहिली की बँकेतल्या माणसाला ते जन्मभर आठवतात.

दहाव्या घटनादुरुस्तीचा प्रश्न मला विशेष आवडतो, कारण त्यात दोन्ही संघराज्यांचा स्वभाव उघड होतो. घटनेने केंद्राला जे अधिकार दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा लोकांचे, असे ती दुरुस्ती म्हणते. आपल्या घटनेच्या २४८ व्या अनुच्छेदाने नेमकी उलट व्यवस्था केली आहे. कोणत्याही सूचीत न बसणारा विषय संसदेकडे जातो. तेथे तेरा वसाहती आधी स्वतंत्र राज्ये झाल्या आणि मग त्यांनी केंद्र घडवले; येथे फाळणीच्या छायेत बसलेल्या संविधान सभेला केंद्र दुबळे ठेवणे परवडणारे नव्हते. गाडी चालवण्याचा परवाना, शाळा, विवाहाचे नियम यांत न्यू जर्सी आणि शेजारचे पेन्सिल्व्हेनिया वेगळे का, याचे कोडे ताईला इतकी वर्षे पडले होते, ते त्या दिवशी सुटले.

मूलभूत हक्कांबद्दल फार सांगावे लागत नाही. पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ मध्ये एकत्र आल्या, त्यांनाच हक्कांची सनद म्हणतात, आणि आजवर एकूण दुरुस्त्या २७ झाल्या आहेत. आपल्या घटनेत शंभराहून अधिक झाल्या, हे सांगताना भावोजी थोडे ओशाळतात. वास्तविक ओशाळण्याचे कारण नाही. तेथे दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि शिवाय तीन चतुर्थांश राज्यांची, म्हणजे ३८ राज्यांची, संमती लागते. कुलूपच तसे बसवले आहे. जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ मध्ये अमेरिकेला गेले असता न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले, आणि अमेरिकेच्या घटनेतील न्यायप्रक्रियेचे सैल शब्द जसेच्या तसे न घेण्याचा सल्ला त्यांना मिळाला. आपल्या २१ व्या अनुच्छेदात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले त्यामागे ही भेट आहे.

मतदानाच्या हक्काच्या दुरुस्त्या मात्र ओळीने लावून पाहण्यासारख्या आहेत. १८७० मध्ये वंशावरून मत नाकारण्यास बंदी आली, १९२० मध्ये स्त्रियांना मत मिळाले, १९६४ मध्ये मतासाठी कर मागण्यास बंदी झाली, १९७१ मध्ये वय अठरावर आले. भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत होते, ही तुलना भावोजी आता ज्याला-त्याला ऐकवतात. त्यांनी स्वतः पहिले मत दिले तेव्हा आपल्याकडे वयाची अट एकवीस होती. ती अठरावर १९८९ मध्ये आली.

इतिहासाच्या भागात उत्तरे आखूड आहेत आणि त्यामुळेच मला तेथे अधिक वेळ घ्यावासा वाटला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा, त्याचा मुख्य लेखक थॉमस जेफरसन. लुइझियानाचा प्रदेश १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतला. लिंकनच्या मुक्तीच्या घोषणेने बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाले असे जाहीर केले. एवढे सांगितले की गुण मिळतात. पण जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे लिहिणारा जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता, आणि १७८७ च्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश मोजला होता, हे ठाऊक असल्याखेरीज यादवी युद्ध का झाले आणि गुलामगिरी रद्द करणारी १८६५ ची तेरावी दुरुस्ती का लागली, हे कळत नाही.

आणि ते युद्ध आपल्यापासून दूरचे नाही. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, आणि त्याची जागा हिंदुस्थानच्या कापसाने घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी समुद्र हटवण्याच्या कंपन्या काढल्या, समभागांचे भाव आकाशाला भिडले, आणि युद्ध संपल्याची बातमी येताच १८६५ मध्ये सारे कोसळले. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली होती. पुढे ती घाट चढून गेली आणि देशावरचा कापूस याच ठाण्यावरून मुंबईच्या बंदरात उतरू लागला. हे सांगितल्यावर भावोजींनी लिंकनच्या कारकिर्दीची वर्षे पुन्हा कधी विचारली नाहीत.

त्याहून महत्त्वाची नोंद पुण्याची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, निग्रो गुलामांच्या दास्यमुक्तीसाठी ज्यांनी झीज सोसली त्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. अमेरिकी अधिकारी हे विचारणार नाही, आणि विचारण्याचे त्याला कारणही नाही. पण एखाद्या मराठी माणसाला तेराव्या दुरुस्तीचा प्रश्न कायमचा लक्षात ठेवायचा असेल, तर याहून पक्की खूण मला माहीत नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रश्नालाही अशीच खूण आहे. ते १९५९ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते.

यादीत नसलेला एक धडा मी मुद्दाम घेतला. नागरिकत्व देण्याविषयीचा अमेरिकेचा १७९० चा पहिला कायदा केवळ स्वतंत्र गोऱ्या माणसांसाठी होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्व मागितले, तेव्हा १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सर्वसामान्यांच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस गोरा ठरत नाही असा निर्णय दिला, आणि त्यानंतर ज्या हिंदी लोकांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांच्यापैकी अनेकांचे ते काढूनही घेतले गेले. १९४६ च्या कायद्याने आपल्या लोकांना नागरिक होण्याची वाट मोकळी झाली, पण वर्षाला प्रवेश मिळणार तो शंभर जणांना. त्या कायद्यानंतर १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. देशवार कोट्याची जुनी पद्धत १९६५ मध्ये मोडली, आणि ताईच्या मुलासारख्यांचा मार्ग तेथून सुरू होतो. हे ऐकून ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने थिंद यांचे पुढे काय झाले ते विचारले. त्यांना १९३६ च्या सुमारास अखेर नागरिकत्व मिळाले, तेही सैनिक म्हणून केलेल्या सेवेच्या आधारावर.

काही प्रश्नांची उत्तरे मात्र आधी पाठ करून ठेवता येत नाहीत. राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृहाचे सभापती, आपल्या राज्याचे गव्हर्नर, आपले सिनेटर आणि आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी यांची नावे मुलाखतीच्या दिवशी जी असतील ती सांगावी लागतात, म्हणून आदल्या आठवड्यात ती पडताळून घ्यावीत असे मी दोघांना बजावले आहे. ‘तुमचा प्रतिनिधी कोण?’ हा प्रश्न मी सहज आमच्या सोसायटीतल्या चार जणांना विचारला, तर आमदारांचे नाव सर्वांनी सांगितले, खासदारांचे दोघांनी, आणि नगरसेवकाच्या नावावर सगळेच अडले. त्यांना फार दोष देता येत नाही. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता, आणि आता निवडून आलेले आहेत तेही बहुतेक प्रभागांत एक नव्हे, चार. गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाला फोन करायचा हे ज्याला नेमके माहीत आहे, त्याला मी नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी गुण देईन.

राहिला शेवटचा भाग, जो परीक्षेत येत नाही आणि ज्यावर आमच्याकडे सर्वाधिक चर्चा झाली. शपथ घेताना अन्य कोणत्याही देशावरील निष्ठा सोडल्याचे स्पष्ट शब्दांत म्हणावे लागते. आपली घटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पारपत्र परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक, या कार्डासाठी अर्ज करता येतो. त्या कार्डावर आयुष्यभर येता-जाता येते, नौपाड्यातले घर ठेवता येते, बँकेतील खात्यांचे स्वरूप बदलून ती चालू ठेवता येतात. मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. भावोजींच्या मनात मुरबाडकडे एक लहानसा जमिनीचा तुकडा घेऊन आंबे लावायचे होते, तो बेत त्यांनी आता मुलीच्या नावे वळवला आहे. ती कल्याणला असते आणि भारताची नागरिक आहे. ठाण्याच्या मतदारयादीतले नाव कमी करण्यासाठी नमुना क्रमांक ७ भरावा लागतो, तो भरून देण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. मुलाखतीचे पत्र अद्याप आलेले नाही, त्यामुळे तो नमुना मी आणून ठेवलेला असला तरी इतक्यात भरणार नाही.